ऑर्थोचं कोडिंग: ऑप नोट कशी वाचायची आणि कोड कुठे घसरतो

ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या उपचारांच्या, क्लेमवर (विमा कंपनीला पाठवलेल्या बिलावर) येणारे डिनायल, म्हणजे नकार, तपासत बसलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. उपचाराच्या नोंदीवरून बिलाचे कोड लावणाऱ्या कोडरला कोड माहीत असतो, ऑप नोट (सर्जनने लिहिलेली ऑपरेशनची नोंद) मात्र अर्धीच वाचलेली असते. सर्जन वर ठळक अक्षरांत ‘प्रोसीजर परफॉर्म्ड’ म्हणून चार ओळी लिहितो, कोडर त्या चार ओळींना चार कोड लावून मोकळा होतो, आणि खालच्या मजकुरात त्यातल्या दोन गोष्टी झालेल्याच नसतात. म्हणून पहिला नियम हा: शीर्षक ही सर्जनची आठवण समजा आणि कोड मजकुरावरूनच लावा.

हे लिखाण अमेरिकन क्लेमसाठी आहे. पुणे, नवी मुंबई, नागपूरकडे बसून जे चार्ट कोड होतात ते बहुतेक तेच. निदानाला आयसीडी-१०-सीएम आणि डॉक्टरने केलेल्या कामाला सीपीटी, असे दोन कोडसंच. आपल्याकडच्या रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-१० वापरून आलेल्यांना सुरुवातीला अडखळायला होतं. त्यात गुडघ्याच्या झिजेचा कोड एम१७.१ पाशी संपतो; अमेरिकन आवृत्तीत तो उजव्यासाठी एम१७.११ आणि डाव्यासाठी एम१७.१२ असा पुढे जातो.

पुस्तक कोणत्या वर्षाचं, हे उपचाराच्या तारखेवरून ठरतं. क्लेम कधी पाठवला याला महत्त्व नाही. आयसीडी दर १ ऑक्टोबरला बदलतं, थोडी भर १ एप्रिललाही पडते. सीपीटी १ जानेवारीला. कंबरदुखीचा एम५४.५ हा कोड १ ऑक्टोबर २०२१ पासून एकटा चालत नाही. एम५४.५०, एम५४.५१ किंवा एम५४.५९ यांतला एक द्यावा लागतो. तसंच कंबरेतल्या गादीच्या झिजेच्या एम५१.३६ ला १ ऑक्टोबर २०२४ पासून सहावा अंक लागतो: फक्त कंबर दुखत असेल तर एम५१.३६०, फक्त पाय दुखत असेल तर एम५१.३६१, दोन्ही असेल तर एम५१.३६२, आणि दुखण्याचा उल्लेखच नसेल तर एम५१.३६९. म्हणजे एमआरआयचा रिपोर्ट बघून हा कोड पूर्ण होत नाही. दुखतं कुठे ते डॉक्टरच्या नोटमध्ये शोधावं लागतं.

एम की एस?

ऑर्थोतला सर्वांत महागडा प्रश्न हाच. एम म्हणजे तेरावा अध्याय: झीज, जुनाट दुखणं, वारंवार होणारा त्रास, बऱ्या झालेल्या दुखापतीचे मागे राहिलेले परिणाम. एस म्हणजे एकोणिसावा अध्याय: ताजी दुखापत. रुग्ण ‘पडल्यापासून दुखतंय’ म्हणतो एवढ्यावरून एस लावू नका. कधी पडला, आणि डॉक्टर त्याला काय म्हणतो, ते पाहा.

खांद्याचा रोटेटर कफ (खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या कंडरांचा पट्टा) घ्या. अपघाताशी संबंध न लावलेली, झिजून झालेली फाट एम७५.१ या कुटुंबात जाते. उजव्या खांद्याची पूर्ण फाट एम७५.१२१, अर्धवट फाट एम७५.१११. तीच फाट गेल्या आठवड्यात शिडीवरून पडून झाली असेल तर एस४६.०११ए. गुडघ्यातल्या मेनिस्कसचंही (हाडांमधल्या कूर्चेच्या गादीचंही) तसंच: ताजी फाट एस८३.२ मध्ये, जुन्या फाटीमुळे बिघडलेली गादी एम२३.२ मध्ये. एकाच मेनिस्कसला दोन्ही लावता येत नाहीत, तिथे एक्सक्लूड्स-वनची, म्हणजे ‘हे दोन कोड एकत्र नकोत’ अशी, टीप आडवी येते.

हा फरक फक्त व्याकरणाचा नाही. एस कोड गेला की विमा कंपनी अपघाताची चौकशी सुरू करते: कामावर झाला का, गाडीत झाला का, दुसऱ्या कोणाचा विमा लागू होतो का. चुकीच्या एसमुळे साधा क्लेम महिनाभर अडकून पडतो.

सातवं अक्षर

एस कोडला, त्याच अध्यायातल्या बऱ्याच टी कोडना आणि ठिसूळ हाडाच्या फ्रॅक्चरला सातवं अक्षर लागतं. कोड सहा जागांपर्यंत पोचत नसेल तर मधली रिकामी जागा एक्सने भरायची. उजव्या कृत्रिम गुडघ्याचा जंतुसंसर्ग टी८४.५३ असा पाचच अक्षरांचा आहे, म्हणून टी८४.५३एक्सए. एक्स विसरलात तर सिस्टीम कोडच ओळखत नाही.

‘ए’ म्हणजे पहिली भेट, असं क्लासमध्ये पाठ करून आलेले बरेच जण असतात. ते चूक आहे. ‘ए’ म्हणजे सक्रिय उपचार चालू आहेत. रुग्णाने आधी इमर्जन्सीत दाखवलं, मग ऑर्थोकडे आला, मग ऑपरेशन झालं: तिन्ही ठिकाणी ‘ए’. ऑपरेशननंतर टाके काढणं, एक्स-रे, प्लास्टर बदलणं इथून ‘डी’ सुरू होतं. फ्रॅक्चरच्या पुढच्या भेटींना झेड४७ मधले आफ्टरकेअरचे कोड लावत नाहीत. फ्रॅक्चरचाच कोड ‘डी’ लावून जातो. झेड४७.१ आहे तो सांधा बदलल्यानंतरच्या देखभालीसाठी, आणि त्याच्यासोबत कोणता सांधा कृत्रिम आहे ते सांगणारा कोड हवा. उजव्या गुडघ्याला झेड९६.६५१.

हाड जुळायला उशीर होत असेल तर ‘जी’, जुळलंच नाही तर ‘के’, वाकडं जुळलं तर ‘पी’. ही तीन अक्षरं बंद फ्रॅक्चरची. उघड्या फ्रॅक्चरची वेगळी आहेत आणि मांडीच्या, पायाच्या, पुढच्या हाताच्या हाडांना तर गुस्टिलो प्रकारानुसार (जखम किती गंभीर याची वर्गवारी) ‘बी’ आणि ‘सी’ अशी फोड होते. न जुळलेल्या हाडावर पुन्हा ऑपरेशन झालं तर कोडर हमखास ‘ए’ लावतो, कारण उपचार सक्रिय आहे. पण तिथे ‘के’च येतं. अपवाद एकच: फ्रॅक्चर झाल्यावर रुग्ण डॉक्टरकडे गेलाच नाही आणि हाड न जुळलेल्या अवस्थेत पहिल्यांदा आला, तर ‘ए’.

नोटमध्ये उघडं की बंद लिहिलं नसेल तर बंद धरायचं. सरकलंय की नाही लिहिलं नसेल तर सरकलेलं धरायचं. हे दोन्ही अधिकृत मार्गदर्शक नियम आहेत, त्यासाठी क्वेरी, म्हणजे लेखी प्रश्न, पाठवून सर्जनचा वेळ घेऊ नका.

ठिसूळ हाड

ऐंशी वर्षांच्या बाई स्वयंपाकघरात घसरल्या, उजव्या मांडीच्या हाडाची मान मोडली, जुन्या नोंदीत ऑस्टिओपोरोसिस आहे. दहातले सात कोडर इथे एस७२ लावतील असं धरून चाला. पण नियम सांगतो की ऑस्टिओपोरोसिस माहीत असलेल्या रुग्णाचं हाड अशा किरकोळ पडण्याने मोडलं, ज्याने निरोगी हाड सहसा मोडत नाही, तर ते एम८० मध्ये जातं. कोड येतो एम८०.०५१ए. फ्रॅक्चर खुब्यापाशी असलं तरी जागा ‘फीमर’ म्हणून घ्यायची. ऑस्टिओपोरोसिस आणि हाडाचा रक्तपुरवठा तुटण्याचा आजार यांत, दुखणं सांध्याच्या टोकाला असलं तरी, हाडाचं नाव चालतं, सांध्याचं नाही.

याच बाईंवर सर्जन अर्धा खुबा बदलतो आणि शीर्षकात लिहितो ‘हेमिआर्थ्रोप्लास्टी’. अनुक्रमणिका उघडली की २७१२५ समोर येतो. तो घेऊ नका. २७१२५ सांध्याच्या आजारासाठी आहे. मांडीच्या मानेच्या फ्रॅक्चरसाठी कृत्रिम गोळा बसवला तर २७२३६, ज्याच्या वर्णनातच ‘अंतर्गत फिक्सेशन किंवा प्रोस्थेसिस’ दोन्ही आहेत. फ्रॅक्चर थोडं खाली, ट्रोकँटरपाशी असेल आणि सळी घातली असेल तर २७२४५, प्लेट-स्क्रू असतील तर २७२४४. इम्प्लांटची यादी नोटच्या शेवटी किंवा नर्सच्या शीटवर असते, ती पाहूनच ठरवा.

डावं, उजवं, दोन्ही

दोन्ही गुडघे झिजलेत, आधी उजवा बदलला, सहा आठवड्यांनी डावा. पहिल्या ऑपरेशनला निदान एम१७.०, म्हणजे दोन्ही बाजू, कारण त्या दिवशी आजार दोन्हीकडे होता. दुसऱ्या वेळी उजवीकडचा आजार संपलेला आहे, म्हणून एम१७.१२ आणि सोबत झेड९६.६५१. दुसऱ्या वेळी पुन्हा एम१७.० गेलं तर कागदावर रुग्णाच्या धातूच्या गुडघ्याला संधिवात झालेला दिसतो.

बाजू डॉक्टरने लिहिलीच नसेल तर नर्सच्या किंवा थेरपिस्टच्या नोंदीवरून घेता येते. दोघांत मतभेद असला तर मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. ‘अनस्पेसिफाइड’ बाजूचा कोड ऑपरेशनच्या क्लेमवर पाठवणं म्हणजे डिनायलला आमंत्रण. ज्या गुडघ्यावर सुरी फिरली तो कोणता हे कोणालातरी माहीत असणारच.

पूर्ण गुडघा बदलणं २७४४७, गुडघ्याचा आतला किंवा बाहेरचा एकच कप्पा बदलणं २७४४६. वाटीला आवरण बसवलं की नाही याने २७४४७ बदलत नाही. हे सर्जनच्या बिलाचं झालं. अमेरिकेत भरती रुग्णासाठी रुग्णालयाचं बिल मात्र आयसीडी-१०-पीसीएस या ऑपरेशनांच्या वेगळ्या कोडसंचात जातं, तिथे सिमेंट लावून बदललेल्या उजव्या गुडघ्याचा कोड ०एसआरसी०जे९ होतो. सिमेंट लावलं की नाही हे त्या सातव्या जागेवर ठरतं, आणि सीपीटीला त्याच्याशी देणंघेणं नसतं. दोन्हीकडे काम करणाऱ्यांनी डोक्यात दोन कप्पे ठेवावेत.

‘ओपन’ शब्दाची दोन तोंडं

ओपन फ्रॅक्चर म्हणजे त्वचा फाटून हाडापर्यंत जखम आहे. ओपन ट्रीटमेंट म्हणजे सर्जनने चीर देऊन हाड उघडं केलं. बंद फ्रॅक्चरला ओपन ट्रीटमेंट हे रोजचं चित्र आहे. निदानात पहिल्याचा विचार करा, सीपीटीत दुसऱ्याचा, आणि एकावरून दुसरं काढू नका.

मनगट घ्या. उजव्या रेडियसचं कॉलीस फ्रॅक्चर, बंद, एस५२.५३१ए. आता काम काय झालं ते पाहायचं. हाड न हलवता नुसतं प्लास्टर: २५६००. ओढून बसवून प्लास्टर: २५६०५. त्वचेतून तारा घातल्या: २५६०६. चीर देऊन प्लेट लावली तर आणखी एक प्रश्न उरतो, फ्रॅक्चर सांध्यात शिरलंय का. शिरलं नसेल तर २५६०७. शिरलं असेल आणि दोन तुकडे पक्के केले तर २५६०८, तीन किंवा जास्त असतील तर २५६०९. तुकडे किती मोडले ते नाही, फिक्स किती केले ते मोजायचं. आणि सांध्यात शिरलेल्या फ्रॅक्चरला कॉलीसचा कोड लावून ठेवलात तर २५६०९ शी ते जुळणार नाही, निदान एस५२.५७१ए कडे न्यावं लागेल. सीपीटी आणि निदान एकमेकांना साक्ष देतात की नाही, हे क्लेम सोडण्याआधी पाहायची सवय लावा.

पहिलं प्लास्टर फ्रॅक्चरच्या कोडमध्येच धरलेलं असतं. ऑपरेशन टेबलावर वापरलेला सी-आर्मही (फिरतं एक्स-रे यंत्र) वेगळा लागत नाही. इमर्जन्सीतल्या डॉक्टरने फक्त कच्चं प्लास्टर बांधून ‘ऑर्थोला दाखवा’ म्हणून पाठवलं असेल तर त्याला २५६०० देऊ नका. भेटीचा कोड आणि पुढच्या हाताच्या स्प्लिंटचा २९१२५ पुरेसा. त्याने हाड ओढून बसवलं, पण पुढची देखभाल दुसरा करणार असेल तर २५६०५ ला ५४ हा मॉडिफायर (कोडमागे लावायची दोन अंकी किंवा दोन अक्षरी जोड) लागतो, आणि पुढे पाहणारा ५५ लावतो.

उघड्या फ्रॅक्चरची जखम साफ केली तर ११०१० ते ११०१२ मधला कोड वेगळा मिळतो. किती खोलवरचे तुकडे कापून काढले ते वाचा: त्वचा आणि चरबीपर्यंत पहिला, स्नायूपर्यंत दुसरा, हाड काढलं तर तिसरा. ‘भरपूर पाण्याने धुतलं’ एवढ्यावर यातला एकही मिळत नाही.

दुर्बिणीची ऑपरेशनं

गुडघ्यात आतली किंवा बाहेरची, एकच गादी कापली तर २९८८१. दोन्ही कापल्या तर २९८८०. गादी शिवली तर २९८८२, दोन्ही शिवल्या तर २९८८३. कूर्चा तासण्याचा २९८७७ हा २९८८१ आणि २९८८० च्या पोटातच आहे, मग ती दुसऱ्या कप्प्यात तासलेली का असेना. सर्जन शीर्षकात ‘काँड्रोप्लास्टी’ वेगळी लिहितो, कोडर ५९ (‘हे वेगळं काम’ असं सांगणारा मॉडिफायर) लावून २९८७७ पाठवतो, ऑडिटमध्ये पैसे परत जातात. ही चूक इतकी जुनी आहे की ऑडिटर तिच्यापासूनच सुरुवात करतात.

खांदा जास्त फसवा. नमुन्यादाखल शीर्षक: ‘रोटेटर कफ रिपेअर, सबअक्रोमियल डीकम्प्रेशन, डिस्टल क्लॅव्हिकल एक्सिजन, एक्स्टेन्सिव्ह डिब्राइडमेंट’. मजकूर एकेक करून तपासा. कफ हाडाला अँकरने शिवला का? मग २९८२७, दुर्बिणीच्या दुरुस्तीला ताजी-जुनी असा भेद नाही, तो चीर देऊन केलेल्या २३४१० आणि २३४१२ मध्ये आहे. डीकम्प्रेशन म्हणजे अक्रोमियनचं, खांद्याच्या टोकावरचं, हाड तासलं का? नुसती बर्सा (सांध्याजवळची द्रवाची पिशवी) काढली असेल तर २९८२६ मिळत नाही. हाड तासलं असेल तर मिळतो, पण तो अॅड-ऑन आहे, २०१२ पासून एकटा जात नाही. हासळीच्या हाडाचं टोक साधारण सेंटिमीटरभर कापलं का? नोटमध्ये माप हवं. वाढलेला काटा नुसता घासला असेल तर २९८२४ सोडून द्या.

राहिलं डिब्राइडमेंट, म्हणजे खराब भाग साफ करणं. एक किंवा दोन वेगळ्या रचना साफ केल्या तर २९८२२, तीन किंवा जास्त तर २९८२३. सर्जनने रचनांची नावं लिहिलेली असली पाहिजेत: लॅब्रम, बायसेप्स, ग्लेनॉइडची कूर्चा असं. मेडिकेअरच्या (अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य विम्याच्या) एनसीसीआय नियमांत, म्हणजे कोणते कोड एकत्र चालत नाहीत ते सांगणाऱ्या नियमांत, एक खांदा म्हणजे एकच जागा, त्यामुळे त्याच खांद्यावर २९८२२ बहुधा बुडतो. २९८२३ मात्र २९८२४, २९८२७ आणि २९८२८ (बायसेप्सचा कंडरा हाडाला बांधणं) सोबत, खांद्याच्या वेगळ्या भागात केलं असेल तर, मिळू शकतो. निदानासाठी आत डोकावणं कधीच वेगळं मिळत नाही.

इंजेक्शनं

गुडघा, खुबा, खांदा हे मोठे सांधे: २०६१०. सोनोग्राफीच्या मदतीने दिलं तर २०६११, पण चित्र जपून ठेवलेलं आणि त्याचा अहवाल लिहिलेला हवा. दोन्ही गुडघ्यांना दिलं तर मेडिकेअरला एकाच ओळीत ५० (दोन्ही बाजू) लावून. काही विमा कंपन्या आरटी (उजवी) आणि एलटी (डावी) अशा दोन ओळी मागतात. ट्रिगर पॉइंटला (स्नायूतल्या दुखऱ्या गाठीला) सुया मोजू नका, स्नायू मोजा: एक-दोन स्नायू २०५५२, तीन किंवा जास्त २०५५३.

औषधाची युनिटं इथे सर्वाधिक चुकतात. ट्रायअॅम्सिनोलोनचा जे३३०१ दर १० मिलिग्रॅमला एक युनिट. दोन्ही गुडघ्यांत ४०-४० मिलिग्रॅम दिलं तर ८ युनिटं, दोन नव्हे. मिथाइलप्रेडनिसोलोन अॅसिटेटचे जुने कोड १ एप्रिल २०२४ पासून गेले. आता जे१०१० आहे आणि तो १ मिलिग्रॅमला एक युनिट, म्हणजे ४० मिलिग्रॅमला ४० युनिटं. एकदाच वापरायच्या कुपीतून दिलं असेल तर मेडिकेअरला सांगावं लागतं: काही वाया गेलं नाही तर जेझेड, गेलं तर वाया गेलेल्याची ओळ वेगळी आणि तिला जेडब्ल्यू.

रुग्ण ठरल्याप्रमाणे फक्त इंजेक्शनला आला असेल तर भेटीचा वेगळा कोड २५ (त्याच दिवशीची स्वतंत्र तपासणी) लावून ओढून ताणून बसवू नका. इंजेक्शनच्या पलीकडे स्वतंत्र तपासणी आणि निर्णय नोटमध्ये दिसला तरच.

९० दिवसांचा हिशेब

मोठ्या ऑपरेशनचा आदला दिवस, तो दिवस आणि पुढचे ९० दिवस एकाच पैशांत येतात. नुसत्या प्लास्टरवर ठेवलेल्या २५६०० लाही हे ९० दिवस आहेत, हे विसरलं जातं. या काळातल्या साध्या भेटी ९९०२४ ने नोंदवायच्या, पैसे शून्य. ऑपरेशनचा निर्णय आदल्या किंवा त्याच दिवशी घेतला असेल तर त्या भेटीला ५७ हा मॉडिफायर.

या काळात रुग्ण पुन्हा टेबलावर गेला तर कारण विचारा. गुंतागुंत झाली म्हणून परत नेलं: ७८. आधीच ठरलेला पुढचा टप्पा: ५८. संबंध नसलेलं काम, उदाहरणार्थ सहा आठवड्यांनी दुसरा गुडघा: ७९. बदललेला गुडघा आखडला म्हणून भूल देऊन वाकवला, २७५७०, तर मेडिकेअरला ७८. उलटसुलट लावलं तर पैशांत फरक पडतो, कारण ७८ ला फक्त ऑपरेशनच्या वेळेचा हिस्सा मिळतो आणि नवे ९० दिवस सुरू होत नाहीत. ५८ आणि ७९ ला होतात.

सळी-स्क्रू काढणं: खोलवरचं असेल तर २०६८०, आणि एका जागेचे सहा स्क्रू काढले तरी एकदाच. ठरवून काढलं तर निदान झेड४७.२, ते दुखत होतं म्हणून काढलं तर टी८४.८४एक्सए.

मणक्याबद्दल इथे एकच: एल४-एल५ म्हणजे गादीची एक जागा आणि मणके दोन. सरकलेली गादी काढण्याचा ६३०३० गादीच्या जागेवर मोजतात, अरुंद झालेली मणक्याची नळी मोकळी करण्याचा ६३०४७ मणक्यावर, आणि फिक्सेशनचे कोड मणक्यांच्या संख्येवर. मोजणी सुरू करण्यापूर्वी वर्णनात कोणता शब्द आहे तो पाहा.

क्वेरी

इतकं करूनही नोट अपुरी असेल तर सर्जनला विचारायचं, पण उत्तर सुचवायचं नाही. ‘तुम्ही हासळीचं एक सेंटिमीटर हाड कापलं ना?’ असा प्रश्न ऑडिटमध्ये टिकत नाही. असं लिहा: ‘शीर्षकात डिस्टल क्लॅव्हिकल एक्सिजनची नोंद आहे. मजकुरात त्या हाडावर केलेल्या कामाचं वर्णन आढळलं नाही. केलेलं काम, काढलेल्या हाडाचं माप असल्यास ते, किंवा हे काम झालं नसल्यास तसं, कृपया तारखेसह पुरवणी नोंदीत लिहावं.’ उत्तर येईपर्यंत चार्ट होल्डवर ठेवा, आणि ऑपरेशन होऊन तीन महिन्यांनी, डिनायल आल्यानंतर लिहिलेली पुरवणी नोंद विमा कंपनी संशयानेच वाचते, म्हणून क्वेरी त्याच आठवड्यात जाऊ द्या.